शारजाला जायचंय: कागदपत्रं आणि सावजी मसाला, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लग्न मे महिन्यात झालं, हे शारजात एसी मेंटेनन्सला. जेमतेम 18 दिवस सोबत राहिलो, आता सगळा संसार व्हिडिओ कॉलवर.

विवाह प्रमाणपत्र मनपातून मिळालंय. सीताबर्डीचा एक एजंट म्हणतो, नुसतं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का) करा, काम झालं. पण अपोस्टिल मानणाऱ्या देशांचा जो हेग करार आहे, त्यात यूएई नाही ना? म्हणजे आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई दूतावास, असे तिघांचे शिक्के लागणार. राज्याच्या शिक्क्यासाठी स्वतः मुंबईला जावं लागतं का?

दुसरं, बायकोला बोलवायला 4,000 दिरहम पगार, किंवा 3,000 आणि घर लागतं. यांचे 3,500 आहेत, पण कंपनीच्या खोलीत सहा जण. ते घर थोडंच धरणार! कमी भाड्यात फॅमिली-शेअरिंग कुठे बघावं?

आणि सासूबाईंनी दोन किलो सावजी मसाला कुटून ठेवलाय, खसखस घालून. तिकडे खसखशीवर बंदी आहे. सांगितलं तर म्हणतात, "मसाल्यात कोण पाहून राह्यलं?" कोणी बिनखसखशीचा केलाय का? नुसत्या खोबऱ्यावर रस्सा दाट होतो?