इंजिनाच्या उजेडात गाडीचा वेग मिळवायचा का?

परभणीकर: काल पूर्णेहून येताना समोरून मालगाडी धाडधाड गेली. आमचे ८०, तिचे ६०, म्हणून १४० नं गेल्यासारखी वाटली. पोरगी नववीत आहे, म्हणाली, "मग इंजिनाच्या उजेडात आपले ८० का मिळवत नाहीत?" मी गप्प.

हिंगोलीचा मास्तर: नाही मिळवायचे, भाऊ. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमी पळते. १८८७ साली मायकेलसन-मोर्ले या दोन शास्त्रज्ञांनी त्याचा उजेडाच्या वेगावर फरक पडतो का ते यंत्रानं पाहिलं. पडला नाही. डब्यातून मोजा की फलाटावरून, सेकंदाला २,९९,७९२ किमीच. १९०५ मध्ये आइन्स्टाइननं सांगितलं, उजेडाचा वेग तोच राहतो, वेळ अन् अंतर बदलतं. (आमच्या औंढ्याकडं लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपायची वेधशाळा, होतंय ना, ते यंत्रही मायकेलसनच्या यंत्राच्याच जातीचं. बाहू मात्र ४-४ किमीचे!)

परभणीकर: मग मालगाडीचे १४० पण खोटेच की!

हिंगोलीचा मास्तर: किंचित. दशांशचिन्हापुढं बारा शून्यं, मग ५८, ताशी एवढे किमी कमी. रेल्वेला चालतंय. जीपीएसला नाही चालत. त्या उपग्रहांची घड्याळं नुसत्या वेगापायी दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागं पडतात.

परभणीकर: पोरगी वहीत शून्यं मोजायलीय. जेवायला उठंना.