'डॉवर'ला मराठीत काय म्हणायचं? हुंडा नव्हे, मेहर नव्हे, मग?

पाटीपेन्सिल:
मध्ययुगातल्या स्त्रियांवरच्या एका पुस्तकातलं इंग्लंडचं प्रकरण मराठीत करतेय आणि 'डॉवर'पाशी गाडी अडलीय. नवरा वारल्यावर त्याच्या जमिनीतला साधारण तिसरा हिस्सा विधवेला हयातभर मिळायचा, तो डॉवर. संपादकांनी सरसकट 'हुंडा' करून मजकूर परत पाठवलाय. पण हुंडा मुलीचा बाप देतो. हे नवऱ्याकडून येतं, तेही तो गेल्यावर. शिवाय मुलगी माहेरून आणते ती 'डाउरी' त्याच पानावर आहे. दोन्हींना हुंडा म्हटलं तर १२१५ च्या मॅग्ना कार्टातल्या, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेल्या हक्कांच्या सनदेतल्या, सातव्या कलमाचं काय होईल बघा. विधवेला तिचा हुंडा लगेच मिळावा, हुंड्यासाठी तिने काही भरू नये, आणि चाळीस दिवस तिने नवऱ्याच्या घरात राहावं, तेवढ्यात तिचा हुंडा ठरवून द्यावा! सुचवा काहीतरी. स्त्रीधन चालेल का?

खडीसाखर:
मेहर लिहा की. नवऱ्याकडून बायकोला. सगळ्यांना कळतं.

जुनं_पान:
इंग्लंडातल्या सरदाराच्या विधवेला मेहर? उद्या तिला निकाहही लावाल. 'विधवांश' असा सुटसुटीत शब्द घडवता येतो. विधवेचा अंश.

रविवारचा_चहा:
विधवांश म्हणजे मला विधवेचा वंश वाटला. प्रामाणिकपणे.

वकीलीणबाई:
खडीसाखर, मेहर आणि डॉवर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेहर ही नवऱ्याने बायकोला देणं असलेली रक्कम किंवा वस्तू, करारात ठरलेली. कुराणात चौथ्या सुरेत, अन्-निसामध्ये, स्त्रियांना त्यांचा मेहर द्या असं स्पष्ट आहे. तो तिच्या मालकीचा. विकेल, दान करेल, नवऱ्याला माफही करेल. राहून गेला असेल तर नवऱ्याच्या मृत्यूनंतर ते त्याच्या मालमत्तेवरचं कर्ज. डॉवरची जमीन मात्र तिची नसते. ती कसायची, उत्पन्न खायचं, आणि ती गेली की जमीन वारसांकडे.

मेहर दोन प्रकारचा: लगेच द्यायचा आणि नंतर द्यायचा. अरबीत एक शब्द ऐनने लिहितात, दुसरा हमजाने. देवनागरीत दोन्ही 'मुअज्जल'! एका दाव्यात टंकलेखकाने दोन्ही रकान्यांत तेच टंकलं. रोख किती आणि उधार किती, यावर आख्खी सकाळ गेली. तेव्हापासून मी 'तात्काळ' आणि 'विलंबित' लिहिते, आणि वरिष्ठ मला हसतात.

खडीसाखर:
बरं, मेहर नको. पण मला कायम वाटत आलंय की 'माहेर' हा शब्द 'मेहर'वरूनच आला असणार. बाईचं हक्काचं ते माहेर.

जुनं_पान:
अहो, मातृगृह, माइहर, माहेर. अरबीचा काही संबंध नाही.

खडीसाखर:
ते पुस्तकातलं झालं. माझी आजी 'म्हेर' म्हणायची.

मांडवीकाठ:
आमच्या गोव्यात ख्रिस्ती घरांत 'दोत' म्हणतात, पोर्तुगीज 'दोते'वरून, मुलीकडून येतं ते. लॅटिन मूळ 'दोस'. इंग्रजीतले डॉवर आणि डाउरी दोन्ही त्याच कुळातले, त्यामुळे संपादकांना फार दोष देऊ नये. घोळ मुळातलाच आहे.

पाटीपेन्सिल:
हो, आणि तो जुना आहे. ग्लानव्हिलच्या नावाने चालणाऱ्या बाराव्या शतकातल्या इंग्लिश कायद्याच्या ग्रंथात बजावून सांगितलंय की 'दोस'चे अर्थ दोन: आपल्याकडे नवरा देतो तो, आणि रोमन कायद्यात मुलीबरोबर येतो तो. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीही कुणीतरी याच शब्दाशी झगडत होतं. इटलीत अर्थात दुसऱ्या अर्थाचं राज्य. फ्लॉरेन्सने १४२५ मध्ये मुलींच्या हुंड्यासाठी सरकारी ठेव योजनाच काढली. बापाने मुलगी लहान असताना पैसे गुंतवायचे, लग्नात वाढलेली रक्कम जावयाला. तिथे बिनधास्त 'हुंडा' लिहिलंय.

जुनं_पान:
लॅटिन 'दोस' आणि आपला 'दाय' एकाच धातूचे, 'दा' म्हणजे देणे. दायभाग, दायाद, सुदाय, सौदायिक. घरात शब्द असताना बाहेर कशाला हिंडायचं? 'सौदायिक' घ्या.

वकीलीणबाई:
सौदायिक म्हणजे माहेरच्या-सासरच्या माणसांनी प्रेमाने दिलेलं, ज्यावर तिची पूर्ण सत्ता. ते ती विकू शकते. पुन्हा तोच अडसर.

जुनं_पान:
मग 'भर्तृदाय'. नारदस्मृतीत आहे: प्रसन्न नवऱ्याने दिलेलं बायकोने तो गेल्यावरही हवं तसं भोगावं किंवा द्यावं, 'स्थावरादृते', म्हणजे जमीनजुमला सोडून. नवऱ्याकडून आलेली जमीन, पण विकायची नाही. हुबेहूब.

पाटीपेन्सिल:
हे खरंच जवळचं आहे. फक्त भर्तृदाय नवरा राजीखुशीने देतो. डॉवर नवऱ्याची इच्छा असो-नसो, कायद्याने मिळतो. आणि दहावीतला मुलगा 'भर्तृदाय' वाचून पान उलटेल हो.

शिळोप्याचा_कट्टा:
या निमित्ताने एक सांगतो. युरोपात बायका नवऱ्याच्या तुकड्यावर जगत होत्या तेव्हा आपल्याकडे विज्ञानेश्वराने मिताक्षरेत, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या आपल्या भाष्यात, स्त्रीधनाची व्याख्या केवढी रुंद केली! कल्याणीचा चालुक्य विक्रमादित्य सहावा, त्याचा दरबार. याज्ञवल्क्याचा श्लोक 'पितृमातृपतिभ्रातृदत्तम्' असा सुरू होतो आणि त्यात 'आधिवेदनिकाद्यं' येतं. या 'आद्य'वर, म्हणजे 'इत्यादी'वर, बोट ठेवून पंडिताने वारशाने आलेलं, विकत घेतलेलं, वाटणीत मिळालेलं, सापडलेलंसुद्धा स्त्रीधनात घातलं. एका 'इत्यादी'त बाईचा संसार बसवला.

रविवारचा_चहा:
छान. आता 'आधिवेदनिक' म्हणजे काय तेही सांगा ना. नवरा दुसरी बायको करतो तेव्हा पहिलीला देतो ती भरपाई.

वकीलीणबाई:
आणि त्याच याज्ञवल्क्याने दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि अटक या प्रसंगी नवऱ्याने स्त्रीधन घेतलं तर परत द्यायला तो बांधील नाही असंही म्हटलंय. धर्मकार्य कधी निघेल याचा काय नेम? शिवाय बंगालात 'दायभाग' लिहिणाऱ्या जीमूतवाहनाने तोच 'इत्यादी' आवळून टाकला. इंग्रजांच्या न्यायालयांनी तर मिताक्षरेची रुंद व्याख्याही मानली नाही. विधवेला नवऱ्याकडून आलेल्या मालमत्तेवर मर्यादित मालकीच राहिली, ती थेट १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने पूर्ण झाली. त्यामुळे कुणाचं किती चांगलं होतं याची कुस्ती कृपया वेगळ्या ठिकाणी लावा.

शिळोप्याचा_कट्टा:
कुस्ती नाही लावली. अभिमान वाटणं गुन्हा आहे का?

साळाव_पूल:
इथे ज्यूंचं कुणी काढलंच नाही. अलिबागच्या बाजूला आमच्या शेजारी बेने इस्रायली कुटुंब होतं, घरात मराठी, लग्नात 'केतुबा' वाचायचे. नवऱ्याने बायकोला काय द्यायचं याचा लेखी कागद. जुना नियम कुमारिकेला २०० झुझ (जुनी चांदीची नाणी), विधवेला १००. कैरोच्या सिनेगॉगमध्ये मध्ययुगातले असे ढिगाने कागद सापडले. त्यांत नवऱ्याने आत्ता द्यायचं वेगळं, नंतर द्यायचं वेगळं, मुस्लीम शेजाऱ्यांच्या मेहरसारखंच. आणि मुलीने आणलेल्या वस्तूंची यादी: कानातले, उशा, तांब्याची भांडी, एकेकाची किंमत दिनारांत. काही करारांत दुसरी बायको करणार नाही अशीही अट. आपल्या याद्यांत निदान भांड्यांची किंमत नसते, नुसतंच 'पाच भांड्यांचा संच'.

सोलापुरी_चादर:
अवांतर. 'हुंडा' म्हणजे मुळात ठोक ठराव. मालवाहतुकीचा ठोक ठेका घेणारा तो हुंडेकरी. आमच्याकडे हे आडनावही आहे. मुलीचं 'ठोकमध्ये काय ते सांगा' म्हणून हुंडा. हुंडीही तिथलीच असावी. आणि उलट दिशेने, नवऱ्याकडून मुलीच्या बापाला जातं ते 'देज', आदिवासी भागात अजून ऐकू येतं.

खडीसाखर:
हुंडीचं पटत नाही.

सोलापुरी_चादर:
तुम्हाला माहेरचं मेहर पटतं आणि हुंडीचं पटत नाही.

वकीलीणबाई:
मूळ प्रश्नाकडे. माझ्या पणजीच्या जमिनीच्या जुन्या कागदावर मोडक्या अक्षरात ओळ होती: 'हयातीत उपभोग घ्यावा, विक्री अगर गहाण करू नये.' हाच तर डॉवर! 'हयातीचा हिस्सा' लिहा. कोर्ट-कचेरी माहीत असलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला कळेल.

जुनं_पान:
हयात आणि हिस्सा दोन्ही अरबी. मग माझ्या 'दाय'नेच काय पाप केलं होतं?

रविवारचा_चहा:
काका, दर नोव्हेंबरात बँकेत तुम्ही काय देता? हयातीचा दाखला की जीवितप्रमाणपत्र?

जुनं_पान:
बँकेतलं मराठी हा पुरावा असेल तर चर्चाच खुंटली. तिथे फलकावर 'रोख भुगतान' लिहिलेलं असतं.

पाटीपेन्सिल:
'हयातीचा हिस्सा' आवडलं. पण संपादकांचा फोन आला. त्यांना एकच शब्द हवाय, कारण सूचीत जोडशब्द नकोत. आणि 'विधवेचा तिसरा हिस्सा' असं जिथे जिथे फोडून लिहिलं होतं तिथेही गोची आहे. पुढच्याच पानावर केंट परगणा येतो. तिथल्या गॅव्हलकाइंड या रिवाजात विधवेला निम्मी जमीन, पण ती पुन्हा लग्न करत नाही आणि शीलाने राहते तोवरच. म्हणजे हयातीचाही नव्हे. याउलट मॅग्ना कार्टाचं आठवं कलम सांगतं की विधवेला मनाविरुद्ध लग्नाची सक्ती नको. लगेच पुढे, लग्न करायचंच तर राजाच्या किंवा आपल्या धन्याच्या संमतीशिवाय करणार नाही याची हमी दे! माझं मत विचाराल तर या दोन वाक्यांत त्या काळच्या इंग्लिश विधवेबद्दल जेवढं कळतं तेवढं उरलेल्या प्रकरणात नाही.

आता दुसरी अडचण. नवऱ्याच्या घरात राहायच्या त्या चाळीस दिवसांना इंग्लिश कायद्यात नाव आहे 'क्वारंटाइन'. संपादकांनी 'विलगीकरण' केलंय.

मांडवीकाठ:
😀 विधवेला वेगळ्या खोलीत कोंडलं बिचारीला.

साळाव_पूल:
चाळीस दिवस म्हणजे 'चाळिसा' करा. नाहीतरी मुसलमानांत इद्दत चार महिने दहा दिवस, आपल्याकडे तेरावा. सगळीकडे मोजणी आहेच.

वकीलीणबाई:
इद्दत ही घरावरच्या हक्काची मुदत नव्हे, पुनर्विवाहाआधीची प्रतीक्षा. मिसळू नका.

सोलापुरी_चादर:
क्वारंटाइनला विलगीकरण नाहीच मुळी. ते अलगीकरण. २०२० मध्ये आमच्या तालुक्याच्या फलकावर स्पष्ट होतं: लक्षणं असलेल्याचं विलगीकरण, नुसत्या संपर्कातल्याचं अलगीकरण.

जुनं_पान:
आमच्या फलकावर बरोबर उलट होतं.