50 मीटरवर ग्रुप तिरका का पसरतो?

देवासनाका (इंदूर): दहा मीटरवर एअर रायफल चार वर्षं मारतेय, तिथे तक्रार नाही. फेब्रुवारीपासून क्लबच्या पॉइंट टू टू (.22 बोअरची काडतुसाची रायफल) वर 50 मीटर प्रोन, म्हणजे पालथं झोपून मारणं, सुरू केलंय. सकाळी सातला नऊ-दहा गुण लागतात. साडेनऊ वाजले की तीच मी, तीच काडतुसं, आणि ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, उधळतो. तोही तिरका: घड्याळाच्या दहापासून चारपर्यंत, शेंगेसारखा लांबट. कोच म्हणतात, श्वास चुकतोय. श्वास धरून धरून मी अर्धी झाले! ॲक्शनचे (बॅरलमागच्या यंत्रणेचे) स्क्रू आवळले, काडतुसांचा लॉट बदलला, बॅरल पुसली. पुसल्यावर पहिल्या पाच-सहा गोळ्या भलतीकडेच गेल्या. आता साईटला हात लावू का? नवरा म्हणतो चष्मा बदल.

ग्वाल्हेरकर: ताई, श्वास चुकला तर ग्रुप उभा ताणतो. दहा-चार ही वाऱ्याची खूण. बॅरलचा पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा) उजवा असला की डावीकडच्या वाऱ्याने गोळी उजवीकडे आणि जरा खाली जाते, उजवीकडच्याने डावीकडे आणि वर. दहा मीटरच्या बंद हॉलमध्ये हे कळायचं कसं? 50 मीटरवर दहाचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं. ताशी 15 किलोमीटरचा आडवा वारा गोळीला दोन सेंटिमीटरवर ढकलतो, म्हणजे नेम अचूक असूनही आठ-सात.

अलकापुरी (वडोदरा): साईट राहू द्या. एकच वारा निवडा, तो असेल तेव्हाच मारा, फिरला की रायफल खाली. मॅचमध्येही 60 गोळ्यांना 50 मिनिटं असतात, घाई कसली?

देवासनाका: रविवारी दोन काठ्यांना लोकरीचे धागे बांधले. आमच्या रेंजला डावीकडे भिंत आहे, ती वीसेक मीटरवर संपते. माझ्याजवळचा धागा मेल्यासारखा लोंबत होता आणि तीस मीटरवरचा चक्क आडवा! दोन महिने मी माझ्या गालावरचा वारा बघत बसले होते. मग धागा उजवीकडे कलला की मारायचं, एवढंच धरलं. वीस गोळ्या. ग्रुप गोल आला, पण चारच्या बाजूला. तेव्हा कुठे साईट हलवली: डावीकडे तीन क्लिक (साईटच्या बटणाचे टप्पे), वर एक. पुढच्या दहांत सात वेळा दहा.

कोच मागे उभे होते. म्हणाले, "बघा, श्वास सुधारला!"