डिस्क बदलूनही ब्रेक दाबताना स्टीअरिंग थरथरते: मोठे ब्रेक बसवावेत का?

प्रश्न
ताशी ८० किलोमीटरच्या पुढे ब्रेक दाबला की माझ्या गाडीचे स्टीअरिंग थरथरते आणि पेडल पायाखाली धडधडते. दहा महिन्यांपूर्वी याच तक्रारीसाठी पुढच्या दोन्ही डिस्क व पॅड नवे बसवले होते. तीन-चार हजार किलोमीटर गाडी उत्तम चालली आणि मग थरथर परत आली. गेल्या आठवड्यात तर कुटुंबासह लांबलचक घाट उतरताना शेवटच्या वळणांवर पेडल मऊ पडून बरेच खाली गेले आणि दोन-तीनदा पंप केल्यावरच ब्रेक लागला. मूळ ब्रेक गाडीला पुरत नाहीत, म्हणून मोठ्या, छिद्रांच्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) बसवावेत, असे मेकॅनिकचे मत आहे. खर्चाची माझी तयारी आहे, परंतु त्याने दोष खरोखर जाईल का?

पहिला प्रतिसाद
आपल्या दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत, त्यामुळे त्यांचा विचार वेगवेगळा करावा.

थरथर होऊ लागली की डिस्क वाकली असे सर्रास म्हटले जाते, पण बहुतेक वेळा तिची जाडी असमान झालेली असते. हबवर, म्हणजे डिस्क व चाक ज्यावर बसते त्या भागावर, गंज राहिला तर नवी डिस्कही किंचित तिरकी बसते, ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी पॅडला घासते आणि काही हजार किलोमीटरमध्ये तेवढाच भाग झिजतो. जाडीतला ०.०२ मिलिमीटरचा फरकही पायाला जाणवू शकतो. आपला दोष लगेच न येता तीन-चार हजार किलोमीटरनंतर आला, यावरूनच माझा संशय हबवर जातो. डिस्क सगळ्या नटांनी घट्ट आवळून, बाहेरच्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे उपकरण) लावून फिरताना ती किती डोलते ते मोजायला सांगा. अनेक गाड्यांसाठी या डोलण्याची ०.०५ मिलिमीटरच्या आसपासची मर्यादा दिलेली असते. हब तारेच्या ब्रशने चकचकीत करून घ्या आणि चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्यानेच आवळा.

मऊ पेडलचे कारण बहुधा उकळलेले ब्रेक ऑइल आहे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे कोरडे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जाते. पेडल कडक राहूनही गाडी थांबली नसती, तर मी पॅडला दोष दिला असता. ऑइल बदलेपर्यंत कृपया पुन्हा घाटात जाऊ नका.

दुसरा प्रतिसाद
कॅलिपर ज्यांवर मागेपुढे सरकतो त्या स्लाइड पिनही तपासा. पिन अडकली की पॅड डिस्कवर घासत राहतो, आतला आणि बाहेरचा पॅड असमान झिजतो आणि त्याच उष्णतेने ऑइल तापते. काही अंतर चालवून गाडी थांबवल्यावर दोन्ही चाकांजवळ तळहात नेऊन पाहा, मात्र डिस्कला स्पर्श करू नका. एकच बाजू स्पष्टपणे जास्त तापली असेल तर पिन, पिस्टन आणि रबरी नळी या क्रमाने शोध घ्यावा.

तिसरा प्रतिसाद
कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक दाबल्यावर एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) काम करू लागत असेल, तर टायरची पकड संपेपर्यंत ब्रेक लावण्याची ताकद आपल्या गाडीत आधीच आहे. अशा वेळी मोठ्या डिस्कने एका थांब्याचे अंतर कमी होत नाही. ते चांगल्या टायरने होते. मोठ्या डिस्कचा खरा उपयोग उष्णता सामावून घेण्यासाठी असतो. १,५०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ५८० किलोजूल ऊर्जा मुख्यतः ब्रेकमध्ये जिरते. तीच गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणताना सुमारे ७,३५० किलोजूल, म्हणजे तशा बारा-तेरा थांब्यांइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. खालच्या गिअरमध्ये उतरल्यास तिचा मोठा वाटा इंजिन उचलते.

छिद्रांच्या डिस्कबद्दल मी सावध राहीन, कारण वारंवार तापल्यावर छिद्रांच्या कडांपासून तडे जाऊ शकतात. फक्त पुढे मोठ्या पिस्टनचे कॅलिपर लावल्यास पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बिघडतो आणि पेडलचा प्रवासही वाढू शकतो. सुधारणा करायचीच असेल तर जास्त तापमान सोसणारे पॅड आणि डॉट ५.१ ऑइल एवढे पुरे आहे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते. नावे सारखी दिसली तरी दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
सर्वांचे मनापासून आभार. डावी डिस्क ०.१२ मिलिमीटर डोलत होती आणि ती काढल्यावर हबवर गंजाचे कडेच दिसले. हब घासून नवी डिस्क बसवल्यावर मोजमाप ०.०३ मिलिमीटर आले. त्याच बाजूची खालची स्लाइड पिन कोरडी पडून अडकली होती आणि आतला पॅड बाहेरच्यापेक्षा २ मिलिमीटर पातळ झाला होता. काळ्या चहासारखे झालेले ऑइलही पूर्ण बदलले. मोठ्या कॅलिपरचा बेत मी रद्द केला आहे. १,००० किलोमीटरनंतर डिस्क पुन्हा मोजून घेईन आणि आकडा येथे कळवीन.