सॅय्नॅत्सालो युवॅस्कुलात विलीन झालं, ते बरं झालं की वाईट?

कंदील
फिनलंडमधल्या पायान्ने तलावातल्या बेटावर सॅय्नॅत्सालो नावाची १९२४ साली स्थापन झालेली छोटी पालिका होती. १९९३ मध्ये ती शेजारच्या युवॅस्कुला शहरात विलीन झाली. माझ्या मते वाईट झालं. प्लायवूडच्या कारखान्यावर जगणाऱ्या, जेमतेम तीन हजार वस्तीच्या या गावाने थेट नामांकित फिनिश वास्तुकार आल्वार आल्टोकडून पालिकेची इमारत बांधून घेतली. १९५२ मध्ये ती पूर्ण झाली. वीट महाग, सभागृह इतकं उंच कशाला, अशी सदस्यांनी कुरकुर केल्यावर आल्टो म्हणाला म्हणे, "इटलीतल्या सिएनाच्या नगरभवनाचं सोळा मीटर आहे, आपलं सतरा करू." आज तिथे ठराव होत नाहीत. पर्यटक माना वर करून पंख्यासारख्या उघडलेल्या, छत पेलणाऱ्या लाकडी कैच्या बघतात.

टवाळखोर
इमारत देखणी आहे म्हणून पालिका चालत नाही हो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंड भयंकर मंदीत होता. सोव्हिएत बाजारपेठ गेली, बँका डबघाईला आल्या. अशात एका कारखान्याच्या जिवावर बसलेल्या पालिकेने काय करायचं? शाळा, दवाखाने, म्हाताऱ्यांची देखभाल, सगळं तेव्हा पालिकेच्याच गळ्यात. तीन हजारांच्या गावात दोन-चार गंभीर रुग्ण निघाले तरी अंदाजपत्रक हलतं.

कंदील
मग आता काय म्हणाल? २०२३ पासून आरोग्य, समाजकल्याण आणि अग्निशमन पालिकांकडून काढून २१ कल्याण-प्रदेशांकडे, म्हणजे अनेक पालिका मिळून केलेल्या प्रादेशिक संस्थांकडे, दिलंय (हेलसिंकी तेवढी स्वतःचं स्वतः बघते). विलीनीकरणाचं सगळ्यात मोठं कारणच गेलं. गेलेली पालिका काही परत येत नाही.

साकव
बचतीचा हिशोबही तपासा. २००९ च्या विलीनीकरणांच्या लाटेत देशातल्या पालिका एका झटक्यात ४१५ वरून ३४८ वर आल्या. युवॅस्कुलाने तेव्हाच आपल्याला लागून असलेली ग्रामीण पालिका आणि कोर्पिलाहती पोटात घेतली. पण कर्मचाऱ्यांना पाच वर्षं नोकरीची हमी! मग लगेच वाचणार काय, कागद? वर अर्थतज्ज्ञांना आढळलं की, विलीन होणाऱ्या छोट्या पालिकांनी आदल्या काळातच खर्च आणि कर्ज वाढवून ठेवलं होतं. बिल नव्या शहराच्या नावावर.

टवाळखोर
म्हणजे गाववालेही काही साधेभोळे नव्हते तर!

साकव
मुळीच नव्हते. पण पुढचं ऐका. २००९ च्याच विलीनीकरणांवरचा दुसरा अभ्यास सांगतो की, नव्या परिषदेत ज्या भागाचे सदस्य कमी, तिथल्या प्रशासनातल्या आणि आरोग्यसेवेतल्या नोकऱ्या जास्त हलल्या. "शहरात आलात की सगळ्यांना सारख्या सोयी" हे बोलायलाच ठीक.

टवाळखोर
लोकसंख्येच्या मानाने मतं मिळणार, त्यात अन्याय कसला? आणि ज्या इमारतीसाठी कंदील गळा काढताहेत, तिची देखभाल विलीनीकरणानंतर शहराच्याच तिजोरीतून झाली. आल्टोने तळमजल्यावर दुकानं ठेवली होती ती पुढे पालिकेचा पसारा वाढला की तिथे कचेऱ्या थाटता याव्यात म्हणून. पसारा वाढलाच नाही. त्याला युवॅस्कुला काय करणार?

कंदील
वाढला नाही म्हणून पुसून टाकायचा? उत्तर फिनलंडमधल्या रोवानिएमी शहराचं बघा. २००६ मध्ये तिथली ग्रामीण पालिका शहरात मिळाली, पण केमी नदीच्या वरच्या अंगाच्या गावांची स्वतंत्र समिती विलीनीकरणानंतरही चालू राहिली. तिच्या हातात पैसाही होता. नुसता चहा-बिस्किटांचा कारभार नव्हता. सॅय्नॅत्सालोला निदान एवढं तरी द्यायला हवं होतं.

टवाळखोर
समितीला माझी हरकत नाही. पण कराचा दर शहर ठरवणार आणि खर्चाचा हट्ट बेट धरणार, हे किती दिवस चालेल? आणि अशा समित्या दहा झाल्या तर पहिली कात्री कुणाच्या पैशाला लागेल, तेही सांगा.