आजचा नायसिन मतांगीकार ३२५ चा नाही

चर्चमध्ये आज म्हटला जाणारा नायसिन मतांगीकार (मतांगीकार म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचं ठरावीक शब्दांतलं निवेदन) रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली तयार करवून घेतला, म्हणजे तो सत्तेने लादलेला मजकूर आहे, असं म्हटलं जातं. नायसियाची बिशपांची परिषद त्याने बोलावली हे खरंच, पण आजचा मजकूर तेव्हाचा नाही. ३२५ चा पाठ ‘आणि पवित्र आत्म्यावर’ एवढं म्हणून थांबतो आणि लगेच, पुत्र येशू अनादि नाही असं मानणाऱ्या एरियस या धर्मगुरूच्या मतांचा धिक्कार सुरू होतो: ‘पुत्र नव्हता असा एक काळ होता’ म्हणणारे बहिष्कृत! आत्मा जीवनदाता आहे, एकच बाप्तिस्मा, मृतांचं पुनरुत्थान, ही भर ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या नावावर असलेल्या पाठातली. तो पाठ ४५१ साली कॅल्सिडनच्या परिषदेत वाचला गेला.

मला मात्र परिषदांच्या आधीचा काळ जास्त मोलाचा वाटतो. जुन्या विधिग्रंथांत बाप्तिस्मा घेणारा पाण्यात उभा असतो, त्याला पित्याविषयी, पुत्राविषयी, आत्म्याविषयी असे तीन प्रश्न विचारतात. ‘विश्वास आहे’ असं प्रत्येक उत्तर आलं की त्याला पाण्यात बुडवतात. ‘प्रेषितांचा मतांगीकार’ नावाचा दुसरा एक मतांगीकार आहे, त्याची मुळं रोमच्या अशाच बाप्तिस्म्यात आहेत. बारा प्रेषितांनी एकेक वाक्य रचलं ही आख्यायिका पुष्कळ नंतरची. त्यामुळे ‘सत्तेने लादलेला मजकूर’ हे वर्णन प्रेषितांच्या मतांगीकाराला तरी अजिबात लागू होत नाही.