मदत हवी आहे : लग्नाच्या शूटिंगसाठी कॅमेरा आणि लेन्स, बजेट ३ लाख (सोलापूर)

यंत्रमाग_बंद

नमस्कार मंडळी. दोन वर्षं सोलापुरातच एका स्टुडिओत असिस्टंट होतो. लाइट धरणं, केबल गुंडाळणं, रात्रभर एडिटिंग, सगळं झालं. यंदा तुळशीच्या लग्नानंतर स्वतःच्या ऑर्डरी घ्यायला लागलोय. माझ्याकडे फक्त व्हिडिओ, फोटो माझा मित्र काढतो.

हातात सध्या एक जुना क्रॉप (लहान सेन्सरचा) डीएसएलआर, १८-५५ किट लेन्स, ५० एमएम १.८ लेन्स आणि एक साधा गिंबल (चालताना हादरे काढणारा दांडा) आहे. लागेल तेव्हा मित्राचा दुसरा कॅमेरा मागून आणतो. नवीन घ्यायचं डोक्यात होतंच, पण गेल्या आठवड्यात जे झालं त्यानंतर थांबणं शक्य नाही.

अक्कलकोट रोडच्या बाजूला एक कार्यालय, गोरज मुहूर्त. डीएसएलआर ट्रायपॉडवर, स्टेजच्या समोर, वाइड लावून सोडला. मी मित्राचा कॅमेरा गिंबलवर घेऊन खाली. नवरदेव पाटावर उभा राहिला तसं रेकॉर्डिंग चालू केलं. मग नवरीला आणायला मामा सापडेनात. तेवढ्यात कोणा पाहुण्यांचा सत्कार निघाला. त्यानंतर मंगलाष्टकं, आणि गुरुजींची झाल्यावर दोन मावश्या वही घेऊन माइकपाशी. मी वर बघितलं तेव्हा ट्रायपॉडवरचा लाल दिवा विझलेला. २९ मिनिटं ५९ सेकंदांनी कॅमेरा आपोआप थांबला होता. मी तिकडे धावेपर्यंत 'सावधान' झालं, अंतरपाट खाली, हार पडले. गिंबलवर जे आलंय त्यात हारापेक्षा एका काकांचा मोबाइलच जास्त दिसतो.

नवरीच्या वडिलांनी पेनड्राइव्ह बघून एवढंच विचारलं, "हार घालतानाचं समोरून नाही का ओ?" मी ४ हजार कमी घेतले. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न माझ्याकडे येणार नाही हे मला कळतं.

तर प्रश्न असे :

सोनी ए७ मार्क ४ घ्यावा, पॅनासॉनिक एस५ मार्क २ घ्यावा, की सोनीचाच क्रॉप सेन्सरवाला एफएक्स३०? यूट्यूबवर प्रत्येकाचं वेगळं. फुल फ्रेम (मोठा सेन्सर) नसेल तर गिऱ्हाईक हसतं असं मित्र म्हणतो. लेन्स एकच घेता येईल, फार तर दोन. आणि तिसरं म्हणजे हॉलमधल्या फुटेजमध्ये काळ्या पट्ट्या वर-खाली फिरतात, विशेषतः स्टेजवरच्या एलईडीत. तो कॅमेऱ्याचा दोष आहे का?

वडिलांचा माग दोन वर्षांपूर्वी बंद झाला, तीन लाखांतले निम्मे कर्जाचे आहेत. चुकून चालणार नाही.

एडिट_टेबल

पट्ट्यांचं आधी, कारण ते फुकट सुटेल. कॅमेऱ्याचा दोष नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. तू मेनूत एनटीएससी ठेवून ३० फ्रेमला १/६० शटरने शूट करत असशील. ते ६० हर्ट्झच्या देशांचं गणित. मेनूत पाल कर, २५ फ्रेम, शटर १/५०. स्लो मोशन हवं तिथे ५० फ्रेम आणि १/१००, एडिटला निम्म्या वेगाने टाक. स्वस्तातली पिक्सेल एलईडी आणि मागची एलईडी वॉल तरीही कधी कधी त्रास देतात. तिथे शटर थोडं मागेपुढे करून स्क्रीनवर बघायचं, दुसरा इलाज नाही.

२९:५९ ची गंमत म्हणजे तो बिघाड नव्हताच. युरोपात ३० मिनिटं सलग रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा धरून जादा कर लावायचे. तो चुकवायला फोटोच्या कॅमेऱ्यांना कंपन्यांनीच कुलूप घातलं. कर ब्रसेल्सचा आणि हार चुकला अक्कलकोट रोडला. तू नाव घेतलेल्या तिन्ही कॅमेऱ्यांना ही मर्यादा नाही.

आता एक उलटा प्रश्न : लॅपटॉप कोणता आहे? हे तिन्ही १० बिट ४:२:२, म्हणजे रंगाची जास्त माहिती असलेलं जड फुटेज देतात. सोनीवर ४के २५ ला त्याचा दर १४० एमबीपीएस, म्हणजे तासाला ६३ जीबी. जुन्या मशिनवर टाइमलाइन रडते. प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी) करायची सवय लावून घे, नाहीतर कॅमेऱ्यानंतर लगेच लॅपटॉपचा धागा काढशील.

जुनी_कॅसेट

बाळा, मी व्हीएचएसच्या काळापासून लग्नं करतोय. खांद्यावर कॅमेरा, मागे हॅलोजन धरलेला पोरगा, त्याच्या मागे वायर सांभाळणारा दुसरा. तेव्हा तीन तासांची कॅसेट टाकली की तीन तास निवांत. तुमच्या डीएसएलआरने चित्र सुंदर केलं आणि ही निवांती घालवली.

फुल फ्रेमचं म्हणशील तर गिऱ्हाईक सेन्सर मोजायला येत नाही. त्याला आत्याचा चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे. मी एफएक्स३० वर आहे. आत पंखा आहे, ही माझ्यासाठी पहिली गोष्ट. एप्रिल-मेत सोलापूर ४२ च्या पुढे जातं, पत्र्याच्या मंडपात त्याहून वर. तिथे पंखा नसलेला कॅमेरा कधी तापून बसेल याचा नेम नाही. दोन कार्डं, दोन्हींवर एकदम रेकॉर्ड होतं. एक कार्ड मेलं तरी लग्न जिवंत.

वाईट बाजू ऐक. डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही, दुपारच्या उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही. मेकॅनिकल शटर नाही, म्हणजे फ्लॅश लावून फोटो काढता येत नाहीत. तू फोटो करत नाहीस म्हणून सांगतोय, नाहीतर हा कॅमेरा सुचवलाच नसता. आणि आत एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) नाही. बाहेर १/५० शटर आणि एफ २.८ ठेवायचं तर लेन्सवर फिरवून कमी-जास्त करता येणारा व्हेरिएबल एनडी लागतोच.

ए७ मार्क ४ उत्तम आहे, दोन्ही कामं करतो. पण ४के ५० फ्रेमला तो दीडपट क्रॉप मारतो, म्हणजे चित्राच्या कडा कापतो. २४ ची लेन्स ३६ सारखी होते, आणि आपल्या कार्यालयांत मागे सरकायला जागा कुठे असते? पाठ जेवणाच्या टेबलाला लागते.

पूर्व_भाग

एस५ मार्क २ ची बाजू कोणी घेईना म्हणून लिहितो. त्यालाही पंखा आहे, दोन एसडी स्लॉट आहेत, आणि २०२३ साली पॅनासॉनिकने फुल फ्रेममध्ये फेज डिटेक्ट फोकस पहिल्यांदा दिला तो याच कॅमेऱ्यात. अंधारात मस्त. ५० फ्रेमला क्रॉप मात्र यालाही बसतो. माझी खरी अडचण वेगळी आहे. सोलापुरात पॅनासॉनिकला बसणारी एल माउंटची लेन्स ऐन वेळी मागायची तर कोणाकडे मागू? सोनीवाले गल्लीला दोन आहेत. लग्नाच्या दिवशी लेन्स पडली तर हेच कामाला येतं.

आणि भावा, तू पूर्व भागात, म्हणजे सोलापुरातल्या आमच्या तेलुगू विणकर वस्तीत, ऑर्डरी घेणार असशील तर मुहूर्त नीट समजून घे. आमच्या पद्मशाली लग्नात हार हा मुहूर्त नाही. मधे पडदा धरलेला असतो आणि मुहूर्ताला नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात. हात पडद्यावरून जातो, दोन-तीन सेकंदांत काम होतं. समोरच्या वाइडमध्ये पडदाच दिसतो. मला बाजूने, थोडं उंचावरून, ७० च्या आसपास झूम लागतो. म्हणून माझं मत : टॅमरॉन १७-७० एफ २.८. क्रॉप सेन्सरवर ती फुल फ्रेमच्या साधारण २५-१०५ एवढी होते. वाइड पण तीच, जिरं-गूळ पण तीच. सिग्मा १८-५० एफ २.८ हलकी आहे, गिंबलला छान, पण ५० ला संपते आणि मग तुला पुढे सरकावं लागतं. पुढे सगळ्या मावश्या.

यंत्रमाग_बंद

काका, पूर्व भागवाले, धन्यवाद. पालची सेटिंग काल रात्रीच बदलली. घरातल्या ट्यूबखाली तरी पट्ट्या गेल्या, लै हलकं वाटलं.

दुसरा कॅमेरा लागेलच ना पण? डीएसएलआर ट्रायपॉडवर परत ठेवायची हिंमत नाही.

जुनी_कॅसेट

लागेल, पण आज नको. पैसे हातात आले की सोनीचाच झेडव्ही-ई१० मार्क २ बघ. सेन्सर २६ मेगापिक्सेलचाच, बॅटरी तीच एनपी-एफझेड१००, रंग जुळवायला त्रास नाही. त्याला बॉडी स्टॅबिलायझेशन (आतूनच हादरे काढायची सोय) नाही, पण ट्रायपॉडवर उभ्या कॅमेऱ्याला ते हवंय कशाला? स्लॉट एकच आणि पंखा नाही, म्हणून मुख्य कॅमेरा तो नव्हे. तोवर मित्राचा कॅमेरा ट्रायपॉडवर लाव, त्याला मर्यादा आहे का ते घरी तपास, आणि असेल तर अंतरपाट धरल्याबरोबर एकदा बंद करून चालू कर.

उरलेल्या पैशांत आवाज. हे कोणी विचारतच नाही. साउंडवाल्याच्या मिक्सरची लाइन सरळ कॅमेऱ्याच्या माइक सॉकेटला घालू नकोस, फाटून येते. छोटा रेकॉर्डर घे, लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव. सप्तपदीला गुरुजींच्या उपरण्याला लेपल माइक लाव. आधी विचारून लाव, एकांनी मला होमापुढून उठवलं होतं.

आणि घ्यायच्या आधी कॅमेरा भाड्याने आणून गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर जत्रेत, अक्षता सोहळ्याला उभा राहा. सोलापुरातलं सगळ्यात मोठं लग्न ते. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह, संमती कट्टा, समोर ऊन आणि हजारो पांढऱ्या बाराबंद्या. पांढरा रंग जळला की परत येत नाही. तिथे एक्स्पोजर जमलं तर कुठलंही लग्न जमेल. एस-लॉगच्या (फिकं फुटेज, रंग नंतर एडिटला भरायचे) मागे लगेच लागू नकोस, एस-सिनेटोनवर (रंग तयारच येतात) कर आणि झेब्रा (जास्त उजळ भागावर स्क्रीनवर पट्टे दाखवणारी खूण) चालू ठेव.

एडिट_टेबल

सेकंडहँड घ्यायला मुंबईला बोरा बाजारात जाणार असशील तर बिल आणि बॉडीवरचा सीरियल नंबर जुळतोय का ते दुकानातच बघ. लेन्सचं छिद्र लहान करून, एफ १६ ला, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ. सेन्सरवर डाग असतील तर लगेच दिसतात. बिनबिलाचं स्वस्त मिळतं, पण वॉरंटी आणि कर्जाची कागदपत्रं दोन्ही जातात.

यंत्रमाग_बंद

उशिरा लिहितोय, संक्रांतीनंतर लगेच तीन ऑर्डरी होत्या.

पुण्याहून एफएक्स३० आणि १७-७० दोन दिवस भाड्याने आणली. संमती कट्ट्याच्या बाजूला सकाळपासून जागा धरून बसलो. काका म्हणाले तसंच, उन्हात स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसेना. शेवटी वडिलांच्या कारखान्यातला एक मोठा टॉवेल डोक्यावरून कॅमेऱ्यावर घेतला आणि त्याच्या आत बसून फोकस बघितला. शेजारचा म्हातारा म्हणाला, "काय बे, वाफ घेतोस का?"

एनडी स्वस्तातला होता, ६७ एमएमचा. जास्त फिरवला की आकाशात काळा फुलीसारखा डाग यायचा. अर्ध्यावरच ठेवला. झेब्रा बाराबंदीवर जेमतेम उमटेल इथपर्यंत एक्स्पोजर खाली आणलं. घरी येऊन बघितलं तर बाराबंदीच्या चुण्या दिसतात, चेहरे थोडे काळवंडले होते ते वर आले. सलग ५२ मिनिटं रेकॉर्डिंग चाललं. मी दर दोन मिनिटांनी लाल दिवा बघत होतो, ही सवय काही लवकर जाणार नाही.

'सत्यम सत्यम, दिड्ड्यम दिड्ड्यम' झालं आणि अक्षता आल्या त्या सरळ लेन्सवर. हूडच्या कडेतून तांदूळ दुसऱ्या दिवशी ब्रशने काढले, तरी भाडेवाल्याला दोन दाणे सापडलेच.

एफएक्स३० आणि १७-७० नवीनच घेतोय, बिलासकट. रेकॉर्डर मागवला. दुसऱ्या बॉडीचं मार्चच्या ऑर्डरींची उचल आली की बघतो. तोवर एक विचारायचं होतं : व्हेरिएबल एनडी ६७ एमएमचा कोणता घेऊ, ज्यात ती फुली येत नाही?